५० मीटरचा तलाव मोजायचा तर: टेप, हातातला लेझर मीटर आणि टोटल स्टेशन यांची पारख

निष्कर्ष आधीच सांगून टाकतो. क्लबने किंवा जिल्हा संघटनेने एकच उपकरण विकत घ्यायचं असेल तर १०० मीटर किंवा त्याहून जास्त पल्ल्याचा लेझर मीटर घ्यावा, आणि त्याच दिवशी ट्रायपॉड आणि मॅट पाटीही (किरण पाडायला बिनचमकीची पाटी) घ्यावी. या दोन वस्तूंशिवाय लेझर मीटर तलावाच्या कामाचा नाही. पात्रता स्पर्धा किंवा विक्रमासाठी प्रमाणपत्र हवं असेल तर टोटल स्टेशन (अंतर आणि कोन दोन्ही मोजणारं सर्व्हेचं उपकरण) असलेला सर्व्हेअर बोलवावा. पोलादी टेप टाकून देऊ नये, ती पडताळणीला लागते. फायबरग्लासची टेप मात्र या कामातून कायमची बाद करावी, ती ताणली की लांबते.

कोणतंही उपकरण जोखताना पहिला प्रश्न हा असायला हवा: याची चूक कुठल्या बाजूला जाते? जलतरणाची जागतिक संघटना असलेल्या वर्ल्ड अ‍ॅक्वॅटिक्सच्या नियमात ५० मीटरच्या तलावाला उणे बाजूला सूट शून्य आहे. ४९.९९९ सुद्धा चालत नाही. अधिक बाजूला थोडी सूट मिळते. ती अनेक वर्षं ३ सेंमी होती. तुमची स्पर्धा नियमांच्या ज्या आवृत्तीखाली होणार असेल तीच उघडून आकडा बघावा. ही लांबी पाण्याच्या पातळीच्या ३० सेंमी वरपासून ८० सेंमी खालपर्यंत, दोन्ही टोकांच्या भिंतींवर प्रत्येक बिंदूला भरली पाहिजे, आणि टच पॅड (स्पर्शाने वेळ नोंदणाऱ्या, भिंतीवर लावायच्या पाट्या) लावलेले असतानाही भरली पाहिजे. त्यामुळे जे उपकरण चुकल्यावर तलाव खरा आहे त्यापेक्षा लांब दाखवतं, ते धोक्याचं. आखूड तलावाला ते पास करून टाकतं. आणि दुर्दैवाने टेपची झोळ आणि लेझरचा तिरकेपणा या दोन्ही चुका नेमक्या त्याच बाजूला जातात.

सेंटिमीटरची किंमत किती, हे एका हिशोबातून कळतं. २०२१ मध्ये रोमच्या सेत्ते कोली स्पर्धेत भारताच्या साजन प्रकाशने २०० मीटर बटरफ्लाय १:५६.३८ मध्ये पोहून टोकियो ऑलिंपिकची ‘अ’ पात्रता, म्हणजे थेट प्रवेश मिळवला. वेळेची अट १:५६.४८ होती, म्हणजे फरक दशांश सेकंदाचा. त्या वेगाला दशांश सेकंदात साधारण १७ सेंमी अंतर कापलं जातं. चार लांब्यांत वाटलं तर प्रत्येक लांबीला ४.३ सेंमी. तलाव खरा होता म्हणून ती वेळ खणखणीत आहे. पण हीच वेळ कुठल्याशा ४९.९५ मीटरच्या तलावात लागली असती तर ती पात्रता पोहण्यातून आली की गवंड्याच्या थापीतून, हे कुणालाच सांगता आलं नसतं. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकचं उदाहरण तर जलतरणातल्या प्रत्येक पंचाला पाठ असतं. ४०० मीटर वैयक्तिक मेडलेत गुन्नार लार्सन ४:३१.९८१ आणि टिम मॅकी ४:३१.९८३. दोन सहस्रांश सेकंद म्हणजे त्या वेगाला जेमतेम ३ मिलिमीटर, आणि तेही आठ लांब्या मिळून. शेजारच्या दोन लेनच्या लांबीत याहून कितीतरी जास्त फरक नियमालाच मंजूर होता. त्यानंतर निकाल शतांशावरच थांबतो आणि बरोबरी झाली तर बरोबरीच जाहीर होते.

आपल्याकडे लांबी हरवते ती बहुतेक वेळा बांधकामातच. नकाशावर ५०.०० लिहिलेलं असतं आणि ठेकेदार काँक्रीटची भिंत ते भिंत ५०.०० धरतो. त्यावर प्लास्टर, चिकटवणीचा थर आणि टाइल मिळून एका टोकाला २० मि.मी. गेले की उरतात ४९.९६. टच पॅडची जाडी साधारण १ सेंमी. दोन्ही टोकांना लावले की ४९.९४. म्हणजे १०० मीटर फ्रीस्टाइलला १२ सेंमी कमी, २ मीटर प्रति सेकंद वेगाने ०.०६ सेकंदाची फुकट भेट. १५०० मीटरला १ मीटर ८० सेंमी कमी, एक सेकंदाहून जास्त. तयार टाइल ते टाइल किमान ५०.०२ हवी असेल तर याच थराच्या हिशोबाने काँक्रीट ५०.०६ च्या थोडं वरच ठेवावं लागतं. दुरुस्तीत जुन्या टाइलवरच नवी टाइल चिकटवली जाते तेव्हा तर कुणाला पत्ताही लागत नाही. जुनं प्रमाणपत्र कार्यालयाच्या भिंतीवर तसंच राहतं आणि तलाव दोन्हीकडून आत सरकलेला असतो.

आता टेप. ५० मीटरची पोलादी टेप स्वस्त आणि सहज मिळणारी, म्हणून सगळे आधी तिच्याकडे वळतात. टेपच्या सुरुवातीला रोमन आकड्यात वर्ग छापलेला असतो. वर्ग II च्या टेपला ५० मीटरला १०.३ मि.मी. इतकी चूक मंजूर असते, वर्ग I ला ५.१ मि.मी. म्हणजे दुकानातून वर्ग II ची टेप आणली तर टेप निर्दोष असूनही एक सेंटिमीटर इकडेतिकडे होऊ शकतो. शेजारी २० अंश आणि ५० न्यूटन असं छापलेलं असतं. त्या तापमानाला आणि त्या ताणालाच ती टेप खरी. पोलाद ५० मीटरला दर अंशाला सुमारे ०.५८ मि.मी. वाढतं. उन्हाळ्याच्या दुपारी काठावरच्या फरशीवर टेप ४० अंशाला तापली तर ती साडेअकरा मि.मी. लांब झालेली असते आणि तलाव तितका आखूड दाखवते. हिवाळ्यात पहाटे १२ अंशाला मोजलं तर उलट होतं, तलाव साडेचार मि.मी. लांब दिसतो. म्हणून टेपशेजारी थर्मामीटर ठेवून, तापमान वहीत लिहूनच मोजावं.

टेपची खरी गोची वेगळीच आहे. लेनच्या मधोमध मोजायचं म्हणजे ती पाण्यावरून हवेत ताणावी लागते. १३ मि.मी. रुंद, ०.२ मि.मी. जाड पात्याची टेप ५० न्यूटन ताणाने दोन्ही टोकांना धरली तर मध्ये ती सव्वा मीटर लोंबते, म्हणजे पाण्यातच बुडते, आणि त्या झोळीपायी आकडा तब्बल ८३ मि.मी. जास्त येतो. ताण दुप्पट केला तरी मध्ये ६० सेंमीहून जास्त झोळ राहते, चूक २१ मि.मी. उरते आणि पात्याचा ताण वाढल्याने आणखी ५ मि.मी. चा हिशोब मागे लागतो. दर १० मीटरला आधार दिला तर झोळीची चूक साडेतीन मि.मी. च्या आत येते. यावरून टेपची जागा ठरते: काठावर, सपाट फरशीवर पूर्ण टेकवून, टोकाला स्प्रिंगचा काटा लावून, पहिल्या आणि शेवटच्या लेनच्या पडताळणीसाठी. मधल्या लेनला टेप वापरूच नये. काठावर मोजतानाही टेप तलावाच्या कडेच्या कॉपिंगवर लावली जाते हे विसरू नये. कॉपिंग भिंतीच्या पुढे दोन-तीन सेंमी आलेलं असेल तर मोजलं कॉपिंग, भिंत नव्हे. ओळंबा सोडून ते अंतर वेगळं काढावं लागतं.

लेझर मीटर झोळीचा प्रश्न मिटवतो आणि त्यासाठीच तो घ्यायचा. निवडताना पहिली नजर पल्ल्यावर. बॉशच्या जीएलएम ५० मालिकेचा पल्ला ५० मीटर आहे. २५ मीटरच्या तलावाला तो उत्तम, पण ५०.०२ मीटरची भिंत त्याच्या पल्ल्याच्या बाहेर जाते. घाईत अनेकजण नावातला ५० बघून हाच उचलतात. लायका डिस्टो डी५१० चा पल्ला २०० मीटर, अचूकता अधिक-उणे १ मि.मी., धूळपाण्यापासून संरक्षण आयपी६५, आणि चौपट झूमचा कॅमेरा पडद्यावर लक्ष्य दाखवतो. तलावाच्या कामात हा कॅमेराच सगळ्यात उपयोगी. उघड्या तलावावर उन्हात ५० मीटरवरचा लाल ठिपका डोळ्याला दिसत नाही. कॅमेरा नसेल तर सूर्य मावळल्यावर मोजावं, दुसरा इलाज नाही.

खोक्यावरच्या १ मि.मी. ला भुलू नये. तो आकडा जवळच्या अंतरासाठी आणि चांगल्या परिस्थितीसाठी असतो. साधारण १० मीटरनंतर दर मीटरला थोडी भर पडते, आणि ती मॅन्युअलमध्ये बारीक अक्षरात दिलेली असते. दर मीटरला ०.१ मि.मी. धरली तर उरलेल्या ४० मीटरला ४ मि.मी. म्हणजे ५० मीटरवर हातातल्या लेझरचं रीडिंग चार-पाच मि.मी. पुढेमागे मानूनच निर्णय घ्यावा. ५०.००२ दिसलं की तलाव पास म्हणू नये. ५०.०१५ दिसलं तर निर्धास्त व्हायला हरकत नाही.

लेझरच्या बाकीच्या चुका वापरण्यातल्या आहेत आणि त्या टाळता येतात. मोजमाप उपकरणाच्या मागच्या कडेपासून की पुढच्या, याचं बटण असतं. डी५१० ची लांबी सुमारे १४ सेंमी. बटण चुकलं की तितका फरक पडतो. इतकी मोठी चूक लगेच लक्षात येते, पण उपकरण पडून-आपटून शून्यच २-३ मि.मी. सरकलेलं असेल तर ते कळत नाही. ते तपासायला एका लांब पॅसेजमध्ये सरळ रेषेत अ, ब, क असे तीन बिंदू घ्यावेत. अ-ब आणि ब-क मोजून बेरीज करावी, मग अ-क एकदम मोजावं. बेरीज आणि अ-क यांत जो फरक येतो तीच उपकरणाची शून्यचूक. पाच-सहा वेळा करून सरासरी घेतली की भरवसा बसतो.

त्याहून चांगली पद्धत म्हणजे शून्यचूक कटूनच जाईल अशी मांडणी. ट्रायपॉड सुरुवातीच्या टोकामागे, काठावर, स्टार्टिंग ब्लॉकच्या बाजूने किरण जाईल असा लावावा. आधी जवळच्या भिंतीवर धरलेली पाटी मोजावी, ती काढून त्याच रेषेत लांबच्या भिंतीवरची पाटी मोजावी, आणि वजाबाकी करावी. बटण कुठल्याही कडेवर असो, शून्य कितीही सरकलेलं असो, दोन्ही रीडिंगमध्ये ते सारखंच असल्यामुळे निघून जातं. अट एवढीच की दोन्ही वेळा पाटीचा समोरचा पृष्ठभाग भिंतीच्या प्रतलात बसला पाहिजे. पाटी भिंतीवर चिकटवून ठेवली आणि ती ३ मि.मी. जाड असली तर ते ३ मि.मी. हिशोबात यायलाच हवेत.

पाटी मॅट का, तर तलावाची टाइल चकचकीत असते. किरण तिच्यावरून आरशासारखा भलतीकडे उडतो आणि रीडिंग येतच नाही, किंवा भलतंच येतं. शिवाय ५० मीटरवर ठिपका टिकलीएवढा राहत नाही, ३ सेंमीचा होतो. तो पाटीच्या कडेवर अर्धा पडला तर अर्धा प्रकाश मागच्या भिंतीवरून परततो आणि आकडा वाढतो. किमान वहीच्या पानाएवढी, मळकट पांढरी पाटी असावी. किरण पाण्याला शिवता कामा नये. पाण्यात प्रकाश हवेपेक्षा सुमारे १.३३ पट हळू जातो. उपकरण हवेचाच वेग धरून चालतं, म्हणून पाण्यातून लांबी घ्यायला गेलं तर ५० मीटरचे साडेसहासष्ट होतात. हात थरथरला तर तिरकेपणा येतो, म्हणून ट्रायपॉड. किरण लेनच्या रेषेपासून टोकाला ३० सेंमी सरकला तर १ मि.मी. जास्त येतो, अर्धा मीटर सरकला तर अडीच, एक मीटर सरकला तर पूर्ण १ सेंमी. अडीच मीटरच्या लेनमध्ये एक मीटर सरकणं अवघड नाही. म्हणून दोन्ही टोकांना लेनच्या मध्यावर खूण करून मगच मोजावं.

छोट्या गोष्टी पण महागात पडतात. एसी गाडीतून काढलेलं उपकरण बंदिस्त तलावाच्या दमट हवेत आणलं की काचेवर वाफ धरते. अर्धा तास तसंच उघडं ठेवून द्यावं. पंप बंद करून पाणी शांत होऊ द्यावं. वर्ग २ चा लेझर असला तरी पाण्यात माणूस असताना चालू करू नये, पोहणाऱ्याचे डोळे नेमके किरणाच्या उंचीवर असतात.

इथपर्यंत मोजलं ते पाण्यावरचं. पाण्याखालचे ८० सेंमी कुठल्याही हातातल्या लेझरने मोजता येत नाहीत, आणि बहुतेक घरगुती मोजमापं इथेच अर्धवट राहतात. यासाठी ४० × २० मि.मी. ची, सव्वा मीटर लांबीची सरळ अ‍ॅल्युमिनियमची चौकोनी नळी पुरते. तिला पाणसळ बांधायची, वरच्या टोकाला एक ठरावीक लांबीचा खुंटा भिंतीला टेकवायचा, नळी ओळंब्यात धरायची, आणि पाण्याच्या पातळीला, ४० सेंमीला, ८० सेंमीला नळी आणि भिंत यांतलं अंतर पोलादी पट्टीने मोजायचं. खुंटा ५० मि.मी. चा असेल आणि ८० सेंमी खोलीवर अंतर ४४ भरलं तर भिंत तिथे ६ मि.मी. आत आलेली आहे. समोरची भिंतही तशीच ४ मि.मी. आत आलेली निघाली तर वर ५०.००८ भरलेला तलाव खाली ४९.९९८ आहे, म्हणजे नापास. पट्टी वाचणाऱ्याने गॉगल लावून डोकं पाण्याखाली न्यावं. वरून बघितलं तर पट्टी वाकडी दिसते आणि मिलिमीटर चुकतात. काँक्रीटच्या भिंतीत टाइलचा फुगवटा हमखास सापडतो तो याच पट्ट्यात, कारण वळणाला पाय मारण्याच्या जागेच्या टाइल निखळून पुन्हा बसवलेल्या असतात आणि नव्या मसाल्याचा थर जुन्यापेक्षा जाड असतो.

दर लेनला ३० सेंमी वर, पातळीला आणि ८० सेंमी खाली, असं आठ लेनना २४ जागी मोजायचं, प्रत्येक जागी तीनदा. दोन माणसं पाण्यात आणि दोन काठावर असली तर एका संध्याकाळचं काम आहे.

५० मीटरचा तलाव मध्ये बल्कहेड घालून २५ चा करत असतील तर हे सगळं वेगळ्याने करावं लागतं. बल्कहेड ही सरकणारी भिंत आहे. लेनच्या दोऱ्यांची पोलादी तार रॅचेटने ताणली की ती मध्यभागी ओढली जाते, आणि मधल्या लेन आखूड होतात. रिकाम्या तलावात, दोऱ्या न लावता घेतलेलं माप इथे निरर्थक. दोऱ्या पूर्ण ताणून, पॅड लावून, प्रत्येक लेन वेगळी मोजावी. जागतिक विक्रमाच्या नियमातच आहे की बल्कहेड वापरला असेल तर ज्या सत्रात वेळ लागली ते सत्र संपल्यावर त्या लेनचं माप पुन्हा घेऊन खात्री करावी. लेझर मीटर स्पर्धेभर पंचांच्या टेबलावर असावा तो यासाठी. सत्र संपताच, दोऱ्या सैल करण्याआधी, पाच मिनिटांत काम होतं. टोटल स्टेशन तितक्या वेळात उभंही राहत नाही.

पण प्रमाणपत्रासाठी टोटल स्टेशनच. कोनही मोजत असल्यामुळे तिरकेपणाचा प्रश्न राहत नाही, हवेचं तापमान आणि दाब भरता येतात, आणि भिंतीवरचे सगळे बिंदू एकाच चौकटीत येतात, त्यामुळे भिंती समांतर आहेत का तेही कळतं. धोका एकाच जागी आहे: प्रिझमचा (किरण परतवणाऱ्या लक्ष्याचा) स्थिरांक, म्हणजे अंतरात धरायची ठरावीक दुरुस्ती. वेगवेगळ्या प्रिझमना तो वेगळा असतो आणि फरक ३० मि.मी. च्या घरात जातो, म्हणजे जुन्या सूटीएवढाच. उपकरण तलावाच्या मध्यावर बाजूला उभं करून दोन्ही टोकं मोजली तर स्थिरांकाची चूक दोन्हीकडे लागून जवळपास दुप्पट होते. सर्व्हेअरला एका टोकामागे उभं राहून वजाबाकीने लांबी काढायला सांगावं, आणि मध्यावरून घेतलेल्या लांबीशी ताडून बघायला सांगावं. दोन्ही जुळले तर स्थिरांक बरोबर भरलेला आहे.

सेवा घेताना कागदावर काय हवं ते आधीच ठरवून घ्यावं, कारण “तलावाची लांबी ५०.०० मी.” अशी एक ओळ आणि शिक्का एवढ्यावरच बरीच प्रमाणपत्रं संपतात. असं प्रमाणपत्र घेऊ नये, परत करावं. लेननिहाय तक्ता, तिन्ही उंचींना, मिलिमीटरपर्यंत हवा. मोजताना तलाव भरलेला होता की रिकामा, पॅड लावले होते की नाही, लावले नसतील तर त्यांची जाडी किती वजा केली, हे लिहिलेलं हवं. उपकरणाचा क्रमांक आणि एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचं चालू कॅलिब्रेशन प्रमाणपत्र जोडलेलं हवं. प्रिझमचा स्थिरांक आणि हवेचं तापमान नोंदलेलं हवं. आणि सर्व्हेअर राष्ट्रीय महासंघाने नेमलेला किंवा मान्य केलेला असावा, नाहीतर माप बरोबर असूनही विक्रमाच्या अर्जाला ते चालत नाही.

सोसायटीच्या किंवा जिमच्या तलावात सराव करणाऱ्यांसाठीही एक सूचना. मनगटावरचं घड्याळ तलाव मोजत नाही. तुम्ही भरलेली लांबी गुणिले मोजलेल्या फेऱ्या, एवढंच ते करतं. “२५” म्हणून सांगितलेला तलाव २५ यार्डांचा, म्हणजे २२.८६ मीटरचा निघू शकतो, आणि मग घड्याळातल्या १००० मीटरचे प्रत्यक्षात ९१४ होतात. तिथे ५० मीटर पल्ल्याचा साधा लेझर मीटर आणि एक मळकट पांढरी पाटी पुरते. काठावरून एकदा मोजून तोच आकडा घड्याळात भरावा.